सुटत्या हाताची सरळ रेघ

नसरीन मोहम्मदी १९३७ साली कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या आणि लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकल्या. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. भोवतालचे कितीतरी चित्रकार माणसं आणि त्यांच्या गोष्टी रंगवत होते. नसरीन मात्र एकेक गोष्ट वगळत गेल्या. कॅनव्हास सुटला, रंग मागे पडले. उरलं काय? कागद, पेन्सिल, शाई आणि ड्राफ्ट्समनची अवजारं.

१९७२पासून त्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. पुढच्या वर्षांत त्यांच्या रेघा अधिकाधिक काटेकोर झाल्या : समांतर, तिरक्या, कागदावर तरंगल्यासारख्या. त्याच वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारानं त्यांचा शरीरावरचा ताबा सुटत चालला होता. या रेघांना कोरडी भूमिती म्हणणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

बहुतेक चित्रांना त्यांनी नावंही दिली नाहीत. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. २०१६मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर उघडलं, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक त्यांचं होतं. फोनच्या स्क्रीनवर त्यांचे काही कागद जवळपास कोरेच दिसतात. घाई न करता, झूम करून बघा.