नीरेचे पाणी आणि तहाचे कागद
नीरातीरी जाळे टाकणाऱ्या आपल्या पूर्वजांचा हक्क कशावर उभा होता, याचा विचार ज्ञातिबांधवांनी अवश्य करावा. फलटणच्या निंबाळकरांचा इंग्रजांशी करार १८२० साली झाला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे संविधानाच्या ३६३ व्या अनुच्छेदाने अशा करारांतून उद्भवणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेविले. अर्थात तहाच्या कागदावर मच्छीमाराने विसंबून चालणार नाही. समुद्रातील मासेमारी सर्वांची, मात्र ती इतरांस अडथळा न करता करावी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच दिला. नदीचा न्याय निराळा. तेथे वहिवाट सिद्ध करावी लागते. म्हणून घरोघरच्या जुन्या पावत्या व सनदा जपून ठेवाव्यात, ही नम्र विनंती.