कारवानी कुत्रा : शिकारीकडून घराकडे

गेल्या वैशाखात औशाच्या किल्ल्याच्या खंदकाकाठी एक कुत्री दिसू लागली. निमुळते लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला टेकलेले, पाय हरणासारखे. गळ्याभोवती दोराचा करकोचा इतका खोल होता की तेथे केस उरले नव्हते. उन्हाने तिच्या तोंडातून लाळ गळत होती, एवढ्यावरून पोरांनी ती पिसाळली असे ठरविले आणि दगड हाती घेतले. दैव तिचे चांगले. दोन तरुण मध्ये पडले, सावलीला पाणी ठेवून तासभर लांब बसून राहिले, आणि संध्याकाळी ती आपण होऊन त्यांच्या मागे निघाली. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की पिसाळ वगैरे काही नाही. ऊन, उपास आणि कानांत गोचिडांचे घोस एवढाच काय तो आजार.

ती कारवानी जातीची होती. एका काळी अशा कुत्र्यासाठी लोक गाय देऊ करीत, असे आमच्याकडील वृद्ध सांगतात. मग असले जनावर बेवारस झाले कसे? या प्रश्नाच्या मागे जाता जाता आम्ही हजार वर्षे मागे गेलो. तो प्रवास आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

राष्ट्रकूट राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. या घराण्यातील तिसऱ्या कृष्णाने चोळांच्या राजादित्याशी तक्कोलम येथे युद्ध केले. त्या युद्धात त्याचा मेहुणा गंग राजा बूतुग याने पराक्रम गाजविला, आणि बूतुगाचा मणलेर नावाचा एक वीर सेवक फार शौर्याने लढला. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, माग काय हवे ते. मणलेराने गाव मागितले नाही की सोने मागितले नाही. त्याने राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडला गेला आणि दोघेही एकमेकांशी झुंजून मेले. कर्नाटकातील आतकूर गावी देवळासमोर त्या कुत्र्याचा वीरगळ उभारला गेला, त्याच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली गेली, आणि दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असा दंडक घातला गेला. हा लेख इ. स. ९४९-५० चा. शिळा आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईची हकीकत इतिहासाला ज्या साधनांतून कळली त्यांत एका कुत्र्याचे हे थडगे प्रमुख आहे, ही गोष्ट आम्हाला नेहमीच मौजेची वाटत आली आहे.

राष्ट्रकूटांमागून कल्याणीचे चालुक्य आले. त्यांची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण. औशाहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तेथे पोचतो. तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकी सांगताना त्याने हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे यांच्याबरोबर 'सारमेयविनोद' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण कुत्र्यांना दिले आहे. तेव्हा कुत्र्याची पारख ही आपल्या मुलखात विलायतेहून आलेली विद्या नव्हे.

'कारवानी' या नावाची उकल मात्र परदेशाकडे बोट दाखविते. कारवान म्हणजे काफिला. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान या बाजूंनी घोड्यांचे व्यापारी व लष्करे दख्खनेत येत. त्यांच्याबरोबर उंच, सडपातळ, नजरेने शिकार धरणारे कुत्रे आले आणि इथल्या कुत्र्यांत मिसळले, असे सांगतात. ज्यांच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात त्यांना पश्मी म्हणतात, आणि 'पश्म' हा शब्द फारसीच आहे. आमच्या मते यात तथ्य आहे. पण सगळे श्रेय बाहेरच्यांना देण्याचेही कारण नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून हिंडत, त्यांच्या तळाची राखण मोठे कुत्रे करीत. धनगर, पाटील, देशमुख यांनी पिढ्यान् पिढ्या चांगल्या कुत्र्याशी चांगली कुत्री लावून ही जात टिकविली. आजही आपल्या जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानीसाठी ओळखले जाते. दक्षिणेस मुधोळ संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी याच रक्ताच्या कुत्र्यांची जोपासना केली आणि तेथे त्यांना मुधोळ हाउंड हे नाव पडले. दोन्ही एकच की वेगळे यावर शौकीन लोक अजून हमरीतुमरीवर येतात. आपण त्यात पडू नये. २००५ साली टपालखात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता, आणि पुढे सैन्यानेही त्याला शिक्षणासाठी मेरठला नेले. ठसा मुधोळला मिळाला, जानवळ मागे राहिले, एवढी खंत आमच्या मनात आहे.

देवधर्मातही कुत्र्याला आपल्याकडे जागा आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसतात. तरीही 'कुत्रे' ही आपल्या भाषेत शिवीच राहिली.

आता घरातील कुत्र्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न. हा प्रश्न आपल्या प्रांतात प्रथम रस्त्यावर आला तो मुंबईत, १८३२ साली. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी माणसे नेमली होती आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. आठ आण्यांच्या लोभाने ही माणसे मालकीची कुत्रीही मारू लागली. घरांच्या आवारात शिरू लागली. ६ जूनला पारशी समाज खवळला. बाजार बंद पडला, दंगा झाला, लष्कर बोलवावे लागले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. जनावर सोडविणे आणि सोडविलेल्याला ठेवायला जागा करणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम अधिक कठीण, हे त्या लोकांना तेव्हाच उमगले होते. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ चे. ते त्याच मालिकेतले.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणले. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले गेले आणि १९६० साली कायदा झाला. जनावराला आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, त्याला अन्नपाणी व निवारा न देणे, उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हे सर्व या कायद्याने गुन्हे ठरले. शिक्षा काय, तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड! खंदकाकाठच्या त्या कुत्रीच्या गळ्यातला दोर याहून महाग असेल.

पण कारवानीच्या नशिबाला खरी कलाटणी देणारा कायदा निराळाच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. आज औशाच्या शिवारात काळविटांचे कळप दिसतात ते त्याचेच फळ. तथापि, ज्या कुत्र्याचा देह, नजर, फुप्फुसे सर्व काही धावत्या हरणासाठी घडले, त्याचे काम एका दिवसात गेले. हरणासाठी कायदा झाला, कुत्र्याचा विचार कोणी केला नाही. शिकारी गेला आणि कुत्रा उरला. कोठे तो शर्यतीत धावू लागला, कोठे चोरून सशावर सोडला जाऊ लागला, आणि हरला किंवा लंगडला की गावाबाहेर नेऊन सोडला जाऊ लागला.

दुसरा घाव भूकंपाने घातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. माणसांच्या त्या दुःखापुढे कुत्र्याची गोष्ट काढू नये हे आम्हाला कळते. पण घराच्या इतिहासात तिची नोंद आहे म्हणून सांगतो. आपल्या जुन्या वाड्याला ढेलज असे. रस्ता आणि चौक यांच्यामधली ती सावलीची, थंड, जाड भिंतींची जागा म्हणजे कुत्र्याचे हक्काचे ठिकाण. तो ना पुरा आत, ना पुरा बाहेर. येणारा-जाणारा त्याच्या नजरेखालून जाई. नव्या वसाहतींतली घरे सुटी, सिमेंटची झाली. माणसांच्या जिवासाठी तेच योग्य होते. ढेलज मात्र गेली, आणि शहरातल्या सदनिकांत तर ती कधी नव्हतीच. आज कुत्रा एक तर गच्चीवर उन्हात असतो किंवा जिन्याखाली साखळीला.

याच काळात परदेशी थोराड कुत्र्यांची हौस आली. आल्प्सच्या बर्फात वाढलेला सेंट बर्नार्ड लातूरच्या चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हात आणून बांधणे याला हौस म्हणावे की आणखी काही, ते श्रोत्यांनी ठरवावे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात माणसे घागरी मोजून पाणी वापरीत होती. बादलीभर पाणी पिणाऱ्या कुत्र्याचे घरात काय स्थान राहिले असेल? पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर आदी वीसहून अधिक जातींवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना धाडले, आणि एप्रिलात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. न्यायालयाचा निर्णय कसाही असो, कुत्रा आणताना त्याची जात आणि आपली जागा यांचा मेळ पाहिला नाही की शेवटी तो रस्त्यावर येतो.

खंदकाकाठची ती कुत्री एका गुरुजींच्या घरी गेली. ते आमच्या शेजारीच राहतात, म्हणून पुढचे सर्व आम्ही डोळ्यांनी पाहिले. पहिली चूक झाली ती मायेपोटी. उपाशी जनावर म्हणून पहिल्याच रात्री तिला पोटभर दूध-भाकरी घातली, आणि ती रात्रभर ओकत राहिली. उपासमार झालेल्याला थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्यावे लागते. तसे नसतानाही खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला एकदम पोटभर घालून पळवू नये. त्याच्या जठराला पीळ पडतो, पोट नगाऱ्यासारखे फुगते आणि काही तासांत प्राण जातो. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे भागतही नाही. अंडे, मांस लागते. शिजलेली हाडे मात्र देऊ नयेत, ती आतड्यात रुततात.

तिसऱ्या दिवशी शेजारचे शेळीचे करडू रस्त्याने पळाले आणि ही चार फुटांची भिंत ओलांडून त्याच्यामागे! गुरुजी हाका मारीत राहिले. नजरेने शिकार धरणारा कुत्रा एकदा सुटला की त्याला हाक ऐकू येत नाही. हा त्याचा उद्धटपणा नव्हे, हजार वर्षांची शिकवण आहे. मालमोटारीखाली जाता जाता ती वाचली. म्हणून भिंत पुरुषभर उंच हवी, फाटकाला कडी हवी, आणि बाहेर नेताना रुंद पट्टा हवा. या जातीची मान डोक्याहून फारशी बारीक नसते, साधा पट्टा मागच्या पावली निसटतो.

कातडी इतकी पातळ की बाभळीच्या काट्याने फाटते. अंगावर चरबी नाही, म्हणून फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जुन्या गोधडीची घडी पुरते. भुलीच्या काही औषधांचा, विशेषतः थायोपेंटोनचा, अंमल या कुत्र्यांवर फार वेळ राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट पशुवैद्यांच्या कानी घालावी. यात त्यांचा अपमान होत नाही. उंदरांचे विष, फवारणीच्या औषधांचे डबे, गुरांसाठी आणलेली औषधे ही शेतकऱ्याच्या घरात कुत्र्याला सापापेक्षा अधिक घातक. गोचिडांचा ताप तर आमच्याकडे बारमाही आहे. पिसाळरोगाची लस तीन महिन्यांच्या पिलाला आणि मग पशुवैद्य सांगतील तशी वेळोवेळी टोचावी. पाश्चरने १८८५ साली त्या लसीने एका मुलाला वाचविले. आपल्या देशात माणसे अजून या रोगाने मरतात, आणि त्या भीतीपायीच निरोगी कुत्र्यांवर दगड पडतात.

मार्गशीर्षात आम्ही काही मंडळी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो होतो. तेथे घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर कुत्र्यांचाही बाजार भरतो. आमच्याबरोबर लातूरचा एक तरुण होता. त्याला कारवानीचे पिलू हवे होते. एका म्हाताऱ्या धनगराच्या घोंगडीवर तीन पिले होती. तरुणाने किंमत विचारली. म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही, उलट विचारले, "मालक, शेत हाय का?" "नाही." "अंगण?" "तिसऱ्या मजल्यावर राहतो. पण सगळी सोय करीन." म्हाताऱ्याने पिलू उचलून पुन्हा घोंगडीखाली घातले आणि म्हणाला, "मग रोज सकाळी कोसभर पळिवनार कोन ते सांगा. त्याचं नाव सांगा, मग किंमत सांगतो."

तरुणाने आमच्याकडे पाहिले. आमच्यापैकी कोणी नाव सांगितले नाही.