पॅन्झीचा चेहरा आणि माळीमामा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त गच्चीवरच्या कुंड्यांचं. ऑक्टोबरअखेर लावलेल्या पॅन्झी आणि व्हायोला आता मस्त फुलल्या आहेत. आमच्या पुण्यात थंडी आहे तोवर त्यांचं राज्य. मार्चचं ऊन लागलं की माना टाकतात.

परवा नात म्हणाली, "आजी, ही फुलं माझ्याकडे बघतायत!" त्या चेहऱ्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

पॅन्झीचं मूळ म्हणजे युरोपातलं एक इवलंसं तिरंगी रानफूल. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या आयव्हर गावी लॉर्ड गॅम्बियरने त्याची काही रोपं आपल्या माळ्याला आणून दिली. हा गॅम्बियर म्हणजे १८०७ मध्ये कोपनहेगनवर तोफा डागणाऱ्या आरमाराचा प्रमुख. माळ्याचं नाव विल्यम थॉम्पसन. तो दरवर्षी बी पेरायचा, चांगलं रोप राखायचा, दुसऱ्या जातींशी संकर करायचा. अशी पंचवीसएक वर्षं गेली. तोवर पाकळ्यांवर नुसत्या काळ्या रेघा असत. १८३९ च्या सुमारास झुडपांत आपोआप उगवलेल्या एका रोपावर त्याला रेघांच्या जागी गडद डाग दिसला, अगदी मांजराच्या तोंडासारखा. त्याने त्याचं नाव 'मेडोरा' ठेवलं. तोच हा चेहरा.

लहान फुलांच्या व्हायोला नंतरच्या. १८६० च्या दशकात एडिंबरोच्या जेम्स ग्रीव्हने पिरेनीज पर्वतातल्या व्हायोलाशी पॅन्झीचा संकर केला. फुलं लहान, पण रोप भरगच्च आणि बहर लांबणारा. या ग्रीव्हचं नाव आज एका सफरचंदाला आहे.

चौतीस वर्षं इतिहास शिकवला. सरदार, सेनापती, लढायांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. माळ्याचं नाव एकदाही फळ्यावर लिहिलं नाही.

आणि दुसऱ्याला कशाला बोलू? एका वर्षी आमच्या शाळेच्या बागेला बक्षीस मिळालं. बाग समितीची प्रमुख म्हणून फोटोत मी मधोमध उभी. सगळं लावलं, जगवलं माळीमामांनी. फोटोच्या वेळी ते पाण्याचा पाइप धरून उभे होते. मीच म्हटलं, "मामा, जरा बाजूला व्हा, पाइप मध्ये येतोय." ते हसून बाजूला झाले.

आता मामा नाहीत. रोज हजेरीपटावरची चाळीस नावं वाचणारी मी, त्यांचं नाव मात्र कधी विचारलं नाही. आम्ही सगळे 'मामा'च म्हणायचो.

असो. माझे जुने विद्यार्थी आणि सहकारी हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणाला त्यांचं नाव आठवत असेल, तर जरूर कळवा. त्या फोटोच्या मागे लिहून ठेवायचं आहे.