परत येणाऱ्या गाठीची गोष्ट



हराळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. खुरप्यानं वरवर कापली की चार दिवस वाफा स्वच्छ दिसतो. पाऊस पडला की पुन्हा हिरवा! कारण मुळी आत राहिलेली असते. कातडीची एक दुर्मीळ गाठ अशीच वागते. आज तिची गोष्ट.

१९२४ साली फ्रान्समधल्या दारिए आणि फेराँ या दोन डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. पोटावर, पाठीवर, खांद्यावर येणारी, घट्ट, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी, बहुधा न दुखणारी. नावच त्यांनी दिलं ‘वाढत जाणारी आणि पुन्हा उद्भवणारी’ गाठ. आज तिचं नाव आहे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. नाव विसरलं तरी चालेल. हा कातडीचा कर्करोग. दूरच्या अवयवांत तो क्वचितच जातो, पण काढल्या जागी परत येतो.

का येतो? गाठीचे बारीक फाटे कातडीखालच्या चरबीत शिरलेले असतात. डोळ्यांना दिसते तेवढीच गाठ काढली, तर फाटे आतच राहतात. म्हणून डॉक्टर भोवतालची दोन ते चार सेंटीमीटर चांगली दिसणारी कातडीही काढू लागले. पण चेहऱ्यावर एवढी जागा कुठली?

इथे उपयोगी पडली अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोझ यांची युक्ती. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३६ पासून ते कातडीच्या इतर कर्करोगांवर ती वापरत होते. पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि जिथे मुळी दिसेल तिथलाच पुढचा थर काढायचा. आधी ते जस्ताच्या क्षाराचा लेप लावत. तो फार दुखे, एकेका थराला दिवस जाई. १९५३ मध्ये पापणीची गाठ काढताना त्यांनी लेपाशिवाय ताजा तुकडा गोठवून तपासला. पुढे तीच रीत रूढ झाली. आपल्या या गाठीलाही ती लागू पडली आणि गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच घटलं. लेप मात्र घरी कुणी लावू नका. वरची कातडी जळते, मुळी आतच राहते.

मैत्रिणींनो, गाठ काढली की तीन गोष्टी विचारा. तुकडा तपासणीला पाठवला का? कडा मोकळ्या आहेत का? पुन्हा कधी दाखवायचं? तो कागद रेशनकार्डासारखा जपून ठेवा. गाठ परत आलीच तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत येते, कधी त्यानंतरही. म्हणून अंघोळीच्या वेळी व्रणावरून बोट फिरवा. पाठीवरचा व्रण जावेला, लेकीला बघायला सांगा. तिथे घट्ट काही लागलं, तर ‘एकदा काढलीय, आता काय’ म्हणून गप्प बसू नका. ‘दुखत नाही ना’ म्हणून तर मुळीच नाही.

हराळी परत फुटली म्हणून आपण शेत सोडत नाही. पुन्हा खणतो, या वेळी खोल.