सुताचा हिशेब : पेण ते रोहे

आजचा विषय साधा वाटेल. दहा वार कापड विणायचं, तर सूत किती घ्यायचं? पण या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्यातल्या दोन माणसांचा संबंध आहे, म्हणून तो आज घेतला.

पहिले विनोबा भावे. जन्म १८९५, पेण तालुक्यातलं गागोदे. पुढे बडोदा, १९१६ मध्ये गांधीजींचा आश्रम आणि १९२१ पासून वर्धा. तिथे विनोबांनी कातणं हा नुसता नेम ठेवला नाही, त्याचं गणित मांडलं.

खादीतलं तेव्हाचं माप असं. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. म्हणजे साधारण ८५३ वार सूत. तराजू नको, गज नको. मोजता आलं की झालं. गांधीजींच्या निधनानंतर विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली, तीसुद्धा याच मापात : माणशी एक गुंडी.

आता आपलं कापड. पन्हा ३० इंच, इंचाला ३६ उभे आणि ३६ आडवे धागे. उभे धागे झाले ३० गुणिले ३६, म्हणजे १,०८०. प्रत्येक धागा दहा वार, म्हणून ताण्याला १०,८०० वार. बाण्यालाही तेवढंच. एकूण २१,६००. गुंड्या सव्वापंचवीस. नवखा माणूस इथेच थांबतो, आणि कापड संपायच्या आधी त्याचं सूत संपतं!

कारण विणताना धागा वर-खाली वाकतो, त्यात लांबी जाते. ताण्याचं शेवटचं टोक मागावरच राहतं, ते विणता येत नाही. काही धागे तुटतात, कापड धुतल्यावर आटतं. म्हणून दहा टक्के जास्त धरायचे : २३,७६० वार, म्हणजे जवळजवळ २८ गुंड्या.

हे अडीच गुंड्यांचं सूत कापडात दिसत नाही. पण ते कोणीतरी कातलेलं असतं. ताशी ३२० तार धरले, तर गुंडीला दोन तास. म्हणजे पाच तासांची मेहनत! ती किमतीत धरली नाही, तर ती बुडते कोणाची? कातणाऱ्या बाईची.

विनोबांना हाच प्रश्न पडला होता. दिवसभर कातून मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतः कातून, त्या मजुरीवर राहून पाहिलं. १९३५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानंही कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी द्यायची, हे तत्त्व स्वीकारलं. साहजिकच खादी महागली. मग हा जादा खर्च सोसायचा कोणी?

इथे दुसरे गृहस्थ येतात, चिंतामणराव देशमुख. घर रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री. ते अर्थमंत्री असताना, १९५३ मध्ये, गिरणीच्या कापडावर जादा अबकारी कर बसवणारा कायदा झाला. पैसा खादी आणि हातमागाच्या विकासासाठी. त्या करानं सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण कातणाऱ्याचा तोटा ही त्याच्या एकट्याची बाब नाही, एवढं सरकारी हिशेबात आलं.

तेव्हा सूत घ्यायला जाल, तर दहा टक्के जास्त घ्या. आणि कापडाचा भाव ठरवाल, तेव्हा तेही धरा.