मास्तरांची कुळी

मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरात ‘तुमच्याकडे शुभवर्तमान कुणी आणलं?’ असं विचारलं, तर गोऱ्या साहेबाचं नाव क्वचितच येतं. नाव येतं मास्तरांचं. दिवसा पोरांना बाराखडी शिकवायची, रात्री माणसं रानातून परतली की कंदिलाच्या उजेडात शास्त्र वाचायचं आणि पदं म्हणून घ्यायची. आजाऱ्यापाशी बसायचं, कुणाची चिठ्ठी लिहून द्यायची. हे करता करता एखादं चुणचुणीत पोर हेरून त्याला हाताशी धरायचं, आज नुसतं सोबत न्यायचं, उद्या त्यालाच वाचायला उभं करायचं. प्रोटेस्टंटांकडे हाच माणूस उपदेशक, कॅथलिकांकडे कॅटेकिस्ट. गावाला मात्र तो मास्तरच.

या कुळीचा मूळपुरुष पहिल्या शतकातला आहे. तो पौल नव्हे, बर्णबा. शिष्यांचा छळ करणारा शौल (हाच पुढचा पौल) पालटला, तेव्हा यरुशलेमेत त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना. बर्णबानं त्याला प्रेषितांसमोर नेलं आणि त्याची हमी घेतली. पुढे अंत्युखियात काम वाढलं, तेव्हा तो तार्सास जाऊन त्याच शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर एकत्र शिकवलं. प्रेषितांच्या कृत्यांत आधी ‘बर्णबा आणि शौल’ असा क्रम आहे. थोड्याच अध्यायांत पौलाचं नाव पुढे जातं. बर्णबानं त्याबद्दल कुरकुर केल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. मार्क नावाचा तरुण अर्ध्या वाटेवरून परतला होता. पुढच्या फेरीला पौल त्याला बरोबर घ्यायला तयार होईना, तर बर्णबा पौलापासून वेगळा झाला आणि मार्काला घेऊन कुप्राला गेला. अखेरच्या दिवसांत तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याला लिहिताना पौलानं त्याच मार्काला बोलावून घेतलं. त्याच पत्रात तो तीमथ्याला सांगतो की, माझ्याकडून ऐकलेलं विश्वासू माणसांच्या हाती सोपव, म्हणजे ती आणखी दुसऱ्यांना शिकवतील. एका वाक्यात चार पिढ्या झाल्या, आणि मास्तरकीचा सगळा नियम तेवढ्यात आला.

मराठी मुलखात ही कुळी एका शाळेतून उगवली. मिशनरी रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली स्कॉटलंडहून आले. त्यांच्या मराठीची त्या काळी ख्याती होती. मुंबईतल्या मिशन शाळेत जॉन विल्सन यांच्याबरोबर ते शिकवत. त्यांच्याकडे शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण सप्टेंबर १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, आणि मुंबईत खळबळ उडाली. धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अल्पवयीन म्हणून श्रीपतला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावं, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांशी मोठा झगडा केला. मराठी वाचकाला हे प्रकरण श्रीपतच्या नावानं ठाऊक आहे. थोरल्या भावाचं पुढे काय झालं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

नारायणराव लगेच प्रचाराला निघाले नाहीत. ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली १८५४ साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर अकरा वर्षांनी. एवढी वर्षं त्यांनी तरुणांसमोर उभं राहून शिकवण्यात घालवली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या, जालन्यातल्या कामाचा पाया तिथेच घातला गेला.

१८६०च्या दशकात ते जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. गावाजवळ हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. तोवर मुंबईच्या शाळेत शिकवणारा, ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस इथे मांगवाड्यात आणि महारवाड्यात जाऊन बसू लागला. गावाच्या शाळेत ज्यांच्या पोरांना जागा नव्हती, त्यांच्यातूनच त्यांनी पुढचे शिकवणारे निवडले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. धर्म बदलला म्हणून ज्यांचं गावकीतलं काम आणि पोट तुटलं, त्यांना तिथे कसायला जमीन, राहायला घर, पोरांना शाळा आणि उपासनेला मंदिर मिळालं. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तेव्हा नारायणराव पागोटं बांधून तिथे उभे राहिले. पण मला त्यांचं खरं कर्तृत्व त्या व्यासपीठावर दिसत नाही. बेथेलमध्ये शिकलेला माणूस आसपासच्या खेड्यात जाऊन स्वतःची शाळा चालवू लागला, तिथे ते दिसतं.

खुद्द औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नवरोजी या पारशी घरातून आलेल्या पाळकानं वर्षानुवर्षं सांभाळलं. गोदावरीच्या पलीकडून अहमदनगरच्या अमेरिकन मिशनची हवा येत होती. तिथे हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक हे १८५४ सालीच पाळक झाले होते, आणि कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. वैजापूर तालुक्यात घोगरगावला पुढे फ्रान्सलियन या कॅथलिक संघाच्या फादरांचं केंद्र झालं. त्यांचंही गावोगावचं काम कॅटेकिस्टांच्या पायांवर चाललं. कीर्तनाचा मास्तरांना फार उपयोग झाला. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा पद पाठ करी आणि नातवाला शिकवी, म्हणजे तीही या साखळीत आली.

या कुळीला एक गाठ मात्र पडली, ती लपवण्यात अर्थ नाही. मास्तराचा पगार मिशनकडून येई, बदली मिशन करी, निर्णय साहेबाच्या बंगल्यावर होत. माणसाच्या हाती काम सोपवलं गेलं, पण अधिकार फार उशिरा सोपवला गेला. बर्णबानं पौलाला पुढे जाऊ दिलं. मिशनला ते तितक्या सहज जमलं नाही. १९१० साली एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझराया या भारतीय पाळकानं ही खंत उघड बोलून दाखवली. मिशनरी आमच्यासाठी पुष्कळ करतात, पण मित्र होत नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दोन वर्षांनी ते निजामाच्याच राज्यातल्या दोर्णकलचे बिशप झाले, आणि खेड्यातल्या शिक्षकांना घडवणं हेच त्यांनी आपलं मुख्य काम मानलं. इकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात शिष्य म्हणून जागा होती. टिळक १९१९ साली गेले आणि दरबार रुजायला वेळच मिळाला नाही. तरी मिशनच्या पगाराशिवाय गुरु-शिष्याचं नातं कसं असावं, याचा मराठी भूमीतला तो सर्वांत धाडसी प्रयोग होता.

आज छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, प्रोटेस्टंटांच्या उत्तर भारतीय मंडळीचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मराठवाडा धर्मप्रांत आहे आणि कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ पासून आहे. पाळक होण्यासाठी पदवी लागते, मुलाखती होतात. ते हवंच. पण पदवी घेऊन आलेल्या पाळकाला दहा वर्षांनी एकच प्रश्न विचारावा: तुमच्या हाताखालून आलेला कोण आज दुसऱ्याला शिकवतो आहे? उत्तरात एक जरी नाव आलं, तर त्या पाळकानं कुळी राखली. नाव आलं नाही, तर भरलेल्या मंदिरावर समाधान मानू नये.

एक विनंती वाचकाला. बेथेलचे, घोगरगावचे, गंगापूर-वैजापूरकडचे मास्तर इतिहासाच्या पुस्तकांत फारसे नाहीत. त्यांच्या खुणा मंडळीच्या बाप्तिस्मा-वहीत, जुन्या बायबलाच्या पहिल्या पानावर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. तुमच्या घरात कुणी मास्तर होऊन गेले असतील, तर त्यांचं नाव, गाव, त्यांना शिकवणाऱ्याचं नाव आणि त्यांनी शिकवलेल्या एकाचं तरी नाव आजच लिहून ठेवा.