वादळ ओसरल्यानंतरची मोजदाद

चक्रीवादळात सर्वाधिक माणसे वाऱ्याने मरत नाहीत. ती किनाऱ्यावर चढून येणाऱ्या समुद्राच्या लाटेने मरतात. पाणी ओसरल्यावर दूषित विहिरी, उपासमार, चिघळलेल्या जखमा आणि बंद पडलेले उपचार यांमुळे आणखी काही जण दगावतात. लाटेचे बळी डोळ्यांना दिसतात, नंतरचे मात्र शोधून मोजावे लागतात. वादळे आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या अभ्यासाचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या मोजणीचा इतिहास आहे.

‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी कोलकात्यात बसून 1848 मध्ये वापरात आणला. त्यांचे लिखाण खलाशांसाठी होते, आणि जहाज वादळाच्या तडाख्यातून कसे सोडवावे हा त्याचा विषय होता. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कोलकात्याला बसलेल्या वादळाचा अहवाल गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड यांनी लिहिला. पुढे 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, तेव्हा ब्लॅनफर्डच त्याचे पहिले प्रमुख झाले. खाते सुरू होऊन वर्षभर उलटले आणि 31 ऑक्टोबर 1876 च्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी बाकरगंजचे वादळ आले. त्यात बुडालेल्यांचे अंदाज एक लाखापासून दोन लाखांच्या वर जातात. खाऱ्या पाण्याने आणि प्रेतांनी तळी नासली, त्यातून पटकीची साथ उसळली. साथीत व उपासमारीत सुमारे आणखी लाखभर माणसे गेली असे मानले जाते. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल स्वतः त्या भागात फिरले होते. वादळामागून साथ येतेच, ही समजूत बाकरगंजच्या अनुभवाने घट्ट केली.

मोजणीच्या नोंदी का लागतात हे मुंबईच्या एका उदाहरणावरून कळते. 6 जून 1882 रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, असे अनेक याद्यांमध्ये छापले जात आले आहे. 1881 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 7,73,196 होती, म्हणजे दर आठ माणसांमागे जवळपास एक गेला असे मानावे लागेल. एवढ्या संहाराचा मागमूस त्या काळच्या वर्तमानपत्रांत सापडत नाही. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी शोध घेतल्यावर हे वादळ झालेच नसावे असा निष्कर्ष निघाला.

या अभ्यासाला शास्त्रीय पद्धत मिळाली ती 1970 मध्ये. 12 नोव्हेंबरच्या रात्री पूर्व पाकिस्तानात भोला वादळ आले. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड सॉमर आणि वायली मोस्ली यांनी बाधित भागात दोन पाहण्या केल्या, पहिली वादळानंतर लगेच आणि दुसरी 1971 च्या सुरुवातीला. निवडक ठिकाणी कुटुंबाकुटुंबाला विचारून त्यांनी मृतांची संख्या किमान 2,24,000 ठरवली. पाहणी झालेल्या भागात सरासरी 16.5 टक्के लोक मेले होते. दहा वर्षांखालील मुले लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश होती, पण मृतांमध्ये निम्म्याहून अधिक. तरणेताठे पुरुष सर्वांत जास्त वाचले, कारण झाडाला घट्ट धरून राहण्याची ताकद त्यांच्यात होती. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला झाडाच्या सालीने सोललेल्या जखमा होत्या. मोठी साथ मात्र आढळली नाही. लोकांना औषधांपेक्षा धान्य, निवारा, बैल आणि शेतीची अवजारे हवी होती. बाकरगंजवरून बांधलेला नियम त्यामुळे सरसकट लागू होत नाही हे स्पष्ट झाले: साथ वादळाने आपोआप येत नाही, ती पाण्याच्या आणि निवाऱ्याच्या अवस्थेवर ठरते.

पुढचा प्रश्न बचावाचा होता. एप्रिल 1991 मध्ये बांगलादेशात आलेल्या वादळात सुमारे 1,38,000 माणसे गेली. त्यानंतरच्या एका पाहणीत पक्क्या इमारतीपर्यंत न पोहोचलेल्यांपैकी 22 टक्के मेल्याचे दिसले, तर पोहोचलेले सगळे वाचले होते. ऑक्टोबर 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार बळी गेले. 2013 च्या फायलिन वादळाआधी त्याच राज्यात सुमारे दहा लाख लोक हलवले गेले, आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले.

लाटेचे बळी घटले तसे लक्ष मागाहून येणाऱ्या आजारांकडे वळले. 1999 नंतर पोर्ट ब्लेअरच्या संशोधकांना ओडिशातील तापाच्या रुग्णांत लेप्टोस्पायरोसिस आढळला. हाच आजार 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने अनुभवला. ओडिशातील मुलांच्या मनावर राहिलेल्या भीतीचाही अभ्यास झाला. 2017 मध्ये पोर्टो रिकोतील मारिया वादळाचे अधिकृत बळी 64 होते. नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले हे मोजल्यावर तो आकडा 2,975 झाला. खंडित वीज आणि अडलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणे होती. 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत एका वादळाचा परिणाम मृत्युदरावर सुमारे पंधरा वर्षे रेंगाळतो.

वीज आणि उपचार खंडित होण्याची ही बाजू कोकण किनाऱ्यावर 2020 मध्ये दिसली. 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांत अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली, आणि विजेच्या पंपांवरच्या नळपाणी योजनाही थांबल्या. त्या वेळी कोरोनाची साथ चालू होती. पुढच्या वर्षी तौक्ते वादळ येण्याआधी मुंबईतील बीकेसी, दहिसर आणि मुलुंड येथील जम्बो कोविड केंद्रांतून 580 रुग्ण इतर रुग्णालयांत हलवावे लागले. रुग्णालयच सुरक्षित ठेवणे हा वादळाच्या तयारीचा भाग झाला.

वादळाचा परिणाम किनाऱ्यापुरता राहत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या सतवासपर्यंत लाट पोहोचत नाही. बंगालच्या उपसागरात उठलेली कमी दाबाची क्षेत्रे मात्र पावसाळ्यात मध्य भारत ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस आणतात. पुराने विहिरी गढूळ झाल्या की जुलाब आणि कावीळ, साचलेल्या पाण्यावर डास वाढले की हिवताप, असा हा क्रम असतो. आजाराच्या नोंदीत वादळाचे नाव येत नाही. तो पावसाळ्यातला आजार म्हणून लिहिला जातो. म्हणून अशा भागांत पाऊस, पूर आणि दवाखान्यातील रुग्णसंख्या यांच्या नोंदी तारखेनुसार शेजारी ठेवल्या, तरच वादळाचा आतल्या प्रदेशातील वाटा मोजता येतो.